ड्रायव्हरच्या सीटवर बाबा

भद्रावती, ८ जानेवारी

बाबा, पाया पडतो.

कमळाबाई, हे पत्र बाबांना जरा मोठ्यानं वाचून दाखव. त्यांच्या उजव्या कानाकडून बस. आणि मधेमधे स्वतःचं काही घालू नको, बहीण म्हणून तुझी ही खोड मला लहानपणापासून माहीत आहे.

बाबा, असं न सांगता निघून जाणं बरं दिसलं नाही. पुनम सकाळी चहा घेऊन आली तर खाट रिकामी, पांघरुणाची घडी उशाशी. मी तसाच स्टँडवर धावलो. पानवाला म्हणाला, काळा चष्मा घातलेले एक म्हातारे बाबा मघाच चंद्रपूरच्या बसमध्ये चढले. डोळ्याचं ऑपरेशन ताजं, एका डोळ्याला अजून नीट दिसत नाही, आणि तुम्ही एकटे चंद्रपूरला उतरून आलापल्लीसाठी अहेरीची बस शोधली. कुठं पडला असता तर लोकांनी माझ्याच तोंडात शेण घातलं असतं की बापाला सांभाळता आलं नाही.

डोळ्यात टाकायचं औषध इथेच राहिलं होतं. अहेरीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिलं आहे, आलापल्लीच्या स्टँडवर मिळालं असेल. कमळाबाईनं ते दिवसातून चार वेळा टाकावं. धूर, धूळ, चूल यांपासून लांब राहा. लाकडाच्या डेपोसमोरच्या टपरीवर जाऊन बसू नका, तिथं ट्रकची धूळ फार.

मी फोन करतो तर तुम्ही घेत नाही. कमळाबाई सांगते, "आवाज येत नाई म्हनते." माझाच आवाज येत नाही आणि सुनिलजावयांचा तेवढा येतो, ही काय भानगड आहे? म्हणून पत्र लिहायला बसलो. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढू नका.

तुम्हाला इकडची हवा मानवली नसेल. कोळशाची काळी धूळ आहे, रात्रभर रस्त्यानं ट्रक जातात. किंवा तुमच्या सुनेच्या, पुनमच्या, हातचं तिखट जास्त झालं असेल. तसं असेल तर तोंडानं सांगायचं, माणूस आपल्याच घरात परक्यासारखा का वागतो? दुसरा डोळा फेब्रुवारीच्या शेवटी करायचा आहे. उशीर केला तर मोतीबिंदू कडक होतो आणि मग काढायला त्रास होतो, असं डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं आहे. तेव्हा त्याआधी मुकाट्यानं परत या.

गाडीचं काम चांगलं चाललं आहे. त्या दिवशी तुम्ही बसला होतात तेव्हाची मापं बरोबर आली.

पुनम बरी आहे. जरा कमी बोलते आहे, थंडीमुळे असेल.

निकेश

भद्रावती, १९ जानेवारी

बाबा, पाया पडतो.

परवा कमळाबाईचा फोन आला होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाली, "का केलं रे तू बाबाले? म्हातारा दोन घास खाते अन् भिंतीकडं तोंड करून पडते. तुह्यं नाव काढलं का उठून बाहेर जाते." मी म्हटलं, मी काहीच केलं नाही. तर म्हणे, "मंग पट्टी निघाल्या निघाल्या पळून काऊन आला तो?" बाबा, तुम्ही तिला काही सांगितलेलं नाही हे त्यावरून कळलं. पण न सांगितल्यानं तिच्या डोक्यात भलतंच येतं. म्हणून तुम्हा दोघांसमोर सगळं नीट मांडतो, माझ्यावर उगाच आळ नको.

बाई, तुझ्यासाठी पहिल्यापासून सांगतो. गाडी चंद्रपूरच्या प्रवीणभाऊंची. त्यांचा कोळशाच्या ट्रकांचा धंदा आहे आणि मोहर्लीला रिसॉर्ट आहे. लाल रंगाची, उघड्या टपाची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. जुनी आहे, पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तशी दुसरी नसेल. तिचं नाक इतकं खाली की मोहर्लीच्या रस्त्यावर प्रत्येक ब्रेकरला पोट घासतं. आणि नाक कायमचं वर उचललं तर गाड्यांच्या प्रदर्शनात ती बैलबंडीसारखी दिसते, असं प्रवीणभाऊंचं म्हणणं. त्यांना दोन्ही हवं होतं. हवी तेव्हा खाली, हवी तेव्हा वर. नागपूरच्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं, सामान बाहेरून मागवावं लागेल. मी म्हटलं, मी इथं बनवून देतो.

आता मी ते कसं बनवलं ते ऐक, कारण ते मला अजूनही आवडतं. समोरच्या चाकाच्या शॉकअपवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळीवर, स्प्रिंग असते, ती एका ठोकून बसवलेल्या ताटलीवर टेकलेली असते. ती ताटली मी कापून काढली. शॉकअपवर लोखंडाची बाही चढवली, तिला बाहेरून लेथवर आटे पाडले आणि त्या आट्यांवर दोन जाड चकत्या बसवल्या. वरची चकती पान्यानं फिरवली की स्प्रिंग वर सरकते आणि गाडीचं नाक उठतं. उलट फिरवली की बसतं. खालची चकती वरचीला आवळून धरते, म्हणजे धक्क्यानं ती फिरत नाही. बस, एवढंच. पण त्या आट्यांसाठी मी बाहीच्या बाह्या भंगारात घातल्या.

असली गाडी रिकामी मोजून चालत नाही. माणूस बसला की उजवी बाजू दबते. म्हणून मालकाच्या वजनाचं ओझं ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचं, गाडी पुढं-मागं ढकलून स्प्रिंग बसू द्यायची आणि मग जमिनीपासून मोजायचं. मी आधी धानाचं पोतं ठेवलं. पोतं नीट बसत नाही, ढकललं की दाराकडे लोळतं. बाबा ओसरीत काळा चष्मा लावून ऐकत होते. तेच म्हणाले, "पोतं काऊन ठेवतं? मी बसतो नं. दवाखान्यात माहं वजन केलं तवा तूच म्हनला, प्रवीणभाऊएवढंच भरलं म्हनून." बघ बाई, मी बसवलं नाही. ते आपणहून बसले. हे लक्षात ठेव.

आणि बाबा, तुम्ही खूश होता. तुम्ही स्टेअरिंग धरलं होतं आणि मी गाडी ढकलत होतो. "पाळण्यात बसल्यावानी वाटते बे," असं तुम्ही म्हणालात. पुनमनं दारातून विचारलं, बाबा कुठं निघाले? तुम्ही म्हणालात, "आलापल्लीले. तुले यायचं असंन तं ये, एक शीट रिकामी हाय." आम्ही तिघंही हसलो होतो. त्या दिवसातलं तेवढं तरी आठवा.

मग प्रवीणभाऊ आले. त्यांच्याशी माझं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मला वाटतं, त्यातलं काही तुम्हाला चुकीचं ऐकू आलं. शेजारी कॉम्प्रेसर चालू होता. मी कामावरच्या माणसाबद्दल काही म्हणालो असेन, ते तुम्ही स्वतःवर ओढून घेतलं. आणि समजा, नुसतं समजा, मजूर म्हणालोच असेन, तर त्यात वाईट काय? तुम्ही जन्मभर लाकडाच्या डेपोत सागाचे ओंडके वाहिलेत. मीही हातानंच खातो. मजुरी करणं ही काही लाजेची गोष्ट नाही, हे तुम्हीच मला शिकवलं.

तरी वाईट वाटलं असेल तर माफ करा. आता विषय संपला असं समजू. डोळ्याची तारीख सत्तावीस फेब्रुवारी मिळाली आहे.

निकेश

भद्रावती, ३ फेब्रुवारी

बाबा,

बाई, हे पत्र वाचताना काही गाळू नको. तुला राग येईल, तो वाचून झाल्यावर काढ. हे सगळं तुझ्या तोंडून बाबांना ऐकवावं लागणार, याचीही मला लाज वाटते आहे.

गेल्या गुरुवारी मी आलापल्लीला आलो होतो. तुम्हा कुणाला माहीत नाही. पुनमच म्हणाली, पत्रं काय पाठवता, जा. बसमधून उतरलो तर समोरच्या कडेला तुम्ही उभे होतात, हातात औषधाची पिशवी. तुम्हाला रस्ता ओलांडायचा होता. ट्रक जवळ आला की लांब आहे ते कळत नव्हतं, म्हणून तुम्ही एक पाऊल टाकत होता आणि मागे घेत होता. मी चहाच्या टपरीमागे सरकलो. शेवटी झिंगूभाऊ कुठून तरी आले, तुमच्यासोबत डेपोत होते ते, आणि त्यांनी तुमचा हात धरून तुम्हाला पलीकडे नेलं. मी परतीच्या पहिल्याच बसनं निघून आलो. मला तुमच्यासमोर यायची हिंमत झाली नाही.

घरी आलो तेव्हा पुनमनं तोंड पाहूनच ओळखलं. "गेले अन् आले? भेटले नाई?" एवढंच विचारून ती आत गेली. ती थंडीमुळे कमी बोलत नव्हती. तिनं ते सगळं पाहिलं होतं.

मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं. तुम्हाला चुकीचं काही ऐकू आलं नाही. कॉम्प्रेसरही बंद होता.

प्रवीणभाऊंना मी फार आधी सांगून ठेवलं होतं की माझे वडील फॉरेस्टात होते. डेपो फॉरेस्टचाच, म्हणून मला ते खोटं वाटलं नाही. त्यांनी साहेब समजून घेतलं आणि मी समजू दिलं. नुसतं समजू दिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी वर भर घातली. म्हणालो, आलापल्लीला बंगला होता, सकाळी घ्यायला जीप यायची. जीप यायची ती साहेबांना सोडायला, आणि तुम्ही डेपोचं फाटक उघडायला पळायचे. मी शाळेतून येताना पाहिलेलं आहे. मोठ्या लोकांच्या गाड्या हाताखाली येऊ लागल्या आणि मला वाटलं, आपणही त्यांच्यातले कुणीतरी असावं. साध्या घरचा पोरगा म्हणून ते आपल्याला गाडी देणार नाहीत, अशी भीती होती. असं मी स्वतःला सांगत होतो.

त्या दिवशी प्रवीणभाऊ दोन मित्रांना घेऊन आले. तुम्ही गाडीत. धोतर, बंडी, दवाखान्याचा काळा चष्मा, दोन्ही हात स्टेअरिंगवर. ते हसून म्हणाले, "अरे निकेश, हा कोण हिरो बसवला?" मित्र हसले. आणि बाबा, मी त्या तिघांपेक्षा मोठ्यानं हसलो. म्हणालो, "वजनाला बसवलाय. रोजीचा माणूस आहे."

तुम्ही स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

प्रवीणभाऊंचा स्वभाव तसा वाईट नाही. ते वाकून तुम्हाला विचारू लागले, "बाबा, कुठचे?" तुम्ही म्हणालात, "आलापल्लीकडचा, साहेब. कामाले आलो." ते म्हणाले, "आलापल्लीचे? मग निकेशच्या वडिलांना ओळखत असाल. मोठे साहेब होते ना तिथं."

बाई, तू वाचताना इथं थांबू नको.

बाबा म्हणाले, "हो नं. त्याईले कोन नाई ओळखत? चांगले मानूस होते."

मला वाटलं होतं तुम्ही मला उघडं पाडाल. तसं केलं असतं तर माझा अपमान झाला असता आणि आज मी जगायला मोकळा असतो. तुम्ही माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं, ते आणखी घट्ट करून दिलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीच मला आज सगळ्यात जास्त घाण वाटते.

मग चहा आला. मी प्रवीणभाऊंना आणि त्यांच्या मित्रांना घरातल्या कपांतून दिला. तुम्हाला प्लास्टिकच्या कपात. पुनम दारात येऊन "बाबा, जेवाले" एवढं म्हणाली आणि मी तिच्याकडे असं पाहिलं की ती तिथूनच आत वळली. प्रवीणभाऊंना ते कळलंही नाही, ते चकतीवरून बोट फिरवत होते.

ते गेले. फाटक लागलं. आता मी तुमच्याजवळ येऊन पाय धरायला हवे होते. मी आलो आणि म्हणालो, "उतरू नका, डावीकडचं माप राहिलं." आणि तुम्ही बसून राहिलात. मी माप घेत होतो, तुम्ही समोर भिंतीकडे पाहत होता. झाल्यावर विचारलंत, "झालं का तुह्यं काम?" मी हो म्हटलं. मग तुम्ही उतरलात, दार धरून, हळूच, कारण पाय आखडले होते. मी हात दिला नाही. तुमच्या हाताला हात लावायची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेला होता.

बाबा, मी मजूर म्हणालो म्हणून हे लिहीत नाही. मजूर तर तुम्ही होताच. बाप आहात हे मी सांगितलं नाही. मला माफ करा असं लिहायलाही हात धजत नाही, पण दुसरं काय लिहू ते कळत नाही.

मला शिक्षा म्हणून दुसरा डोळा तसाच ठेवू नका. त्या दिवशी ट्रकसमोर तुमचं पाऊल पुढं-मागं होताना मी पाहिलं आहे. माझ्याबरोबर यायचं नसेल तर नका येऊ. पण डोळा करा.

निकेश

भद्रावती, १७ फेब्रुवारी

बाबा, पाया पडतो.

कमळाबाईनं फोनवर सांगितलं की तिनं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि मग ते परत वाचायला तुम्ही सांगितलं नाही, टाकूनही दिलं नाही. एवढंच म्हणालात, "ठेव तिकडं." तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. तिला हक्क आहे.

चंद्रपूरला रविवारी गाड्यांचं प्रदर्शन झालं. गाडी मी स्वतः नेली. भद्रावतीहून निघताना नाक वर ठेवलं, एकाही ब्रेकरला पोट घासलं नाही. मैदानात शिरल्यावर जॅक लावला, दोन्ही बाजूच्या चकत्या सारख्या फिरवल्या आणि नाक खाली बसवलं. लोकांनी गराडा घातला. नागपूरची काही मुलं गाडीखाली वाकून बघत होती आणि विचारत होती की हे कुठून मागवलं. प्रवीणभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मागवलं कुठलं, आपल्या निकेशनं बनवलं." अशा दिवसासाठी मी सारा आटापिटा केला होता. तो दिवस आला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी तिथंच, त्या मित्रांसमोर सांगून टाकलं. म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी गाडीत बसले होते ते माझे वडील. ते साहेब नव्हते. डेपोत ओंडके वाहायचे. मी खोटं बोललो होतो." काम जाईल, हसतील, हाकलतील, सगळ्याची तयारी करून गेलो होतो.

प्रवीणभाऊ म्हणाले, "अरे, मग आधी सांगायचं ना यार." आणि लगेच गाडीकडे वळून, "बरं, ही समोरची उंची अजून बोटभर कमी होईल का?"

बाबा, संपलं. एवढंच झालं. कुणी हसलं नाही, कुणाला आश्चर्यही वाटलं नाही. माझा बाप कोण होता याची त्या माणसाला कधी पडलीच नव्हती. आधीही नाही, नंतरही नाही. ज्याचं त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं ते लपवायला मी तुम्हाला तुमच्या मुलाच्या अंगणात परका केलं. मोठं काही वाचवायला हे केलं असतं तर मनाची समजूत घालायला काहीतरी उरलं असतं. मी बोटभर उंची कमी करून दिली आणि बसनं घरी आलो.

पुनमला सांगितलं. मला वाटलं ती आता तरी धड बोलेल. ती पीठ मळत होती, मान वर न करता म्हणाली, "प्रवीणभाऊले सांगून का होते? ज्याले सांगाचं त्याले सांगा. अन् पत्रात नाई, तोंडानं."

तिचं बरोबर आहे. तरी हे पत्रातच लिहितो आहे, कारण तुम्ही समोर आलात की माझी जीभ टाळूला चिकटते.

सत्तावीस तारखेला सकाळी दवाखान्यात हजर राहायचं आहे. मी घ्यायला येऊ का, पुनमला पाठवू का, कमळाबाईला सांगा. काहीच सांगितलं नाही तर मी दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहीन. तुम्ही आला नाहीत तरी उभा राहीन.

निकेश

भद्रावती, ४ मार्च

बाबा, पाया पडतो.

झिंगूभाऊंच्या हातात हात देऊन तुम्ही दवाखान्याच्या फाटकातून आत आलात तेव्हा मी समोरच होतो. तुम्ही "आला का?" म्हणालात आणि पुढं गेलात. मला तेवढंही पुष्कळ वाटलं. ऑपरेशन झालं, तुम्हाला खाटेवर आणलं, रात्री झिंगूभाऊ तुमच्याजवळ राहिले आणि मी बाहेरच्या बाकावर. त्यांनी मला आत बोलावलं नाही आणि मी आपणहून गेलो नाही.

पण दुसऱ्या दिवशीचं तुम्हाला माहीत नाही ते सांगतो. पुनमनं भाकरी आणि वांग्याची भाजी दिली होती. डबा घेऊन मी वॉर्डाच्या दारापर्यंत आलो तर आतून तुमचा आवाज आला. पट्टी नुकतीच निघाली होती. शेजारच्या खाटेवर सिरोंच्याकडचे आजोबा होते, त्यांना मराठी अर्धवट कळत होतं आणि ते प्रत्येक वाक्याला तेलुगूत "अवुना? अवुना?", म्हणजे खरंच का, असं विचारत होते. तुम्ही दोन्ही हात हवेत धरून त्यांना सांगत होता, "समोरून पाना फिरवला का गाडी उठते. उलटा फिरवला का बसते. माह्या पोरानं केलं. सामान बाहेरून नाई आनलं, इथीच लेथवर केलं त्यानं. पह्यले पोतं ठेवलं होतं, पोत्यानं माप नाई आलं. मंग मी बसलो, तवा बराबर आलं!"

मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. डबा गरम होता, तो पोटाशी धरला. मी रडत होतो आणि येणारे-जाणारे बघत होते, पण त्या वेळी मला त्यांची लाज वाटली नाही. तुम्ही तिथं अनोळखी लोकांत बसून माझं कौतुक करत होता. ज्या कामाला बसवलेला माणूस म्हणून मी तुम्हाला हसलो, तेच काम तुम्ही छाती फुगवून सांगत होता.

मग सिस्टरनं मला पाहिलं आणि तुम्हाला विचारलं, "बाबा, हे कोण?" तुम्ही माझ्याकडे वळलात. दोन्ही डोळ्यांनी. तुम्ही इतका वेळ पाहिलंत की मला मान वर ठेवता येईना. "हाच तं," तुम्ही म्हणालात, "माहा पोरगा." जे माझ्या तोंडून निघालं नाही ते तुम्ही किती सहज म्हणालात. आणि मला, "इकडं ये. याले सांग कसं केलं तं. मले चकतीचं बराबर सांगता येत नाई."

मी खाटेच्या कडेला बसलो. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवून त्या आजोबांना आटे म्हणजे काय ते दाखवलं. झाकण म्हणजे चकती, बाटली म्हणजे शॉकअप. मधे मी अडखळलो की तुम्ही सांभाळून घेत होता. दुसरी चकती मी सांगायला विसरलो तर तुम्ही आठवण दिली, "खालची आवळून धरते, ते सांग नं." ते आजोबा मान डोलवत होते. त्यांना किती कळलं देव जाणे.

तिथंच थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. मला वाटलं होतं, झालं, बाबांनी पोटात घातलं. सुट्टी मिळाली, मी तुमची पिशवी उचलली आणि म्हटलं, घरी चला. तुम्ही पिशवी माझ्या हातून काढून झिंगूभाऊंकडे दिली.

"नाई रे. मी याच्यासंगं आलापल्लीले जातो."

मी म्हटलं, "राग गेला नाही ना बाबा?"

"राग कायचा?" तुम्ही म्हणालात. "तुह्या घरी लोकं येतेत. मोठे लोकं. मी दिसलो का तुले अजून तसंच बोला लागंन. कायले तुले तरास?"

बाबा, तुम्ही हे रागानं म्हणाला असतात तर मी पाय धरून बसलो असतो. तुम्ही ते माझ्यावर माया करून म्हणालात. आपली पोराला अडचण होऊ नये म्हणून माणूस बाजूला सरकतो तसं. मी काही बोलायच्या आत झिंगूभाऊंनी तुम्हाला बसमध्ये चढवलं. खिडकीतून तुम्ही हात हलवला. बस निघून गेल्यावर माझ्या तोंडून "बाबा" निघालं, ते स्टँडवरच्या लोकांनी ऐकलं, तुम्ही नाही.

पुनमला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याजवळ बसून रडली. ती म्हणाली, बाबा मुलाच्या घरी येताना कोण आलं आहे ते आधी बघतील, असं आपण करून ठेवलं. ती "आपण" म्हणाली, तिचा काही दोष नसताना.

पुढच्या रविवारी प्रवीणभाऊ येणार आहेत. त्यांच्या मित्रालाही तसंच करून हवं आहे, त्याची गाडी घेऊन चार-पाच जण येतील. जेवण इथंच आहे. मी तुम्हाला एरवी, घर रिकामं असताना बोलावलं तर तुम्ही याल, हे मला माहीत आहे. तसं मी बोलावणार नाही. गाडीत बसायचं नाही, कशाला हातही लावायचा नाही. पंगतीला माझ्या शेजारी बसायचं आणि कुणी विचारलं की मी सांगीन. कुणी विचारलं नाही तरी सांगीन.

अहेरीहून येणारी पहिली बस धरा, झिंगूभाऊंनाही आणा. मी चंद्रपूरच्या स्टँडवर घ्यायला येतो. लोक असतील तेव्हाच या, बाबा.

तुमचा मुलगा,
निकेश